तगरीच्या वासाला आलेली मांजरे

मी, श्रीमती जनाबाई चिंतामण विशे, माहेरची हरड, वय अंदाजे त्रेसष्ट (शाळेच्या दाखल्यावर तारीख आहे, पण ती मास्तरांनी आपल्या सोयीने घातली होती), धंदा काष्ठौषधी कुटून विकणे, राहणार उंबरवाडी, वैशाखऱ्याच्या अलीकडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला मुरबाडच्या डॉक्टरांनी तपासून दिला असून तो सोबत टाचला आहे. मी माणूस आहे, भुताळी नाही, असाही एक दाखला मी त्यांच्याकडे मागितला होता. ते हसले आणि म्हणाले, "बाई, तसला फॉर्म आमच्याकडे नसतो." म्हणून ते काम मला या कागदावर स्वतःच करावे लागत आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे सांगत माझा भाऊ एखादा अंगठा उठवलेला कागद घेऊन आला, तर तो खोटा समजावा. मी सातवी पास आहे. अंगठा उठवत नाही.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. बारकू गायकवाड, भातसानगर, यांनी करावी. माझे यजमान कै. चिंतामण आणि बारकूभाऊ धरणावर एकाच पाळीला असत. पाणी वाढले की दरवाजे उचलायचे आणि उतरले की खाली घ्यायचे, हे दोघांचे काम. उंबरवाडीत माझे सख्खे रक्त राहते, तरी मी हे काम भातसानगरच्या माणसावर टाकत आहे. का, ते पुढे वाचले की कळेल. बारकूभाऊंनी हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर मारुतीच्या देवळासमोर, सगळी वाडी जमवून, मोठ्याने वाचावे. कोणी मध्येच उठून जाऊ लागला तर त्याचे नाव घेऊन त्याला खाली बसवावे.

कलम २. माझे घर. मुरबाड–माळशेज रस्त्यालगत, मौजे उंबरवाडी. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भाऊ नवसू गोविंद हरड याचे भातखाचर, उत्तरेस सामाईक विहीर, दक्षिणेस ओहोळ. दोन खोल्या, ओटी, न्हाणी आणि पुढचे अंगण. यजमान वारले, धरणाची खोली सोडावी लागली, तेव्हा १९९२ साली माझ्या वडिलांनी ही जागा मला बक्षीसपत्राने दिली. मूल नाही, नवरा नाही, निदान पोरीला दार तरी असावे, असे ते म्हणाले. नवसूने त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आहे. तेव्हा या रस्त्याने दिवसाला चार एसट्या जात आणि रस्त्याकडेची जागा कोणालाच नको होती. हे घर कोणाला द्यायचे ते मी पुढे लिहिते. त्याआधी तगरीचे सांगितले पाहिजे, नाहीतर काहीच समजणार नाही.

कलम ३. तगर. देवाला वाहतात त्या पांढऱ्या फुलाची तगर ही नव्हे. ही थंड डोंगरातली, टीचभर उंचीची. पान बदामाच्या आकाराचे आणि जमिनीला धरून. फूल अगदी बारीक, पांढरे, कडेला गुलाबी, झुबक्याने येणारे. तिची सगळी किंमत मुळीत. काष्ठौषधीवाले त्या मुळीला तगर-गंठोडा म्हणतात. ओली असताना तिला फारसा वास नसतो. वाळत घातली की मात्र घामेजलेल्या पायमोज्यांसारखा वास सुटतो, आणि तोच वास उटण्यात व तेलात मुरला की माणसे त्याला सुवास म्हणतात.

ती आमच्या घरात औषध म्हणून आली. धरणाच्या पाळीमुळे यजमानांची झोप गेली होती. पावसाळ्यात घरी असले तरी कान दरवाजांकडे. भांडे पडले तरी उठून बसत. शहापूरच्या एका वैद्यांनी तगरीची पूड दुधातून द्यायला सांगितली. आठ-पंधरा दिवसांत माणूस झोपू लागला. लग्नानंतर मी त्यांना घोरताना प्रथमच ऐकले आणि मला इतके बरे वाटले की मी जागीच राहिले. पुढे उत्तरेकडचे एक साहेब बदलून आले होते, त्यांनी गावाहून परत येताना डालड्याच्या डब्यात तगरीची दोन जिवंत रोपे आणून यजमानांना दिली. आपल्याकडच्या उन्हात ती जगायची नाहीत असे तेच म्हणाले. एक मेले. दुसरे मी नळाखाली, सावलीत, जपून जगवले, आणि येताना उंबरवाडीला घेऊन आले. न्हाणीच्या उत्तरेच्या भिंतीशी सांडपाण्यावर ते पसरले आहे. त्याची मुळी मी विकत नाही. विकायची मुळी कल्याणहून पोत्याने येते. ती मी अंगणात वाळवते, कुटते, वस्त्रगाळ करते, आणि मुरबाडच्या बाजारात पूड, उटणे आणि केसांचे तेल विकते. नवरा गेल्यापासून यावरच माझे पोट चालले.

आता मांजरांचे. वाळणाऱ्या तगरीच्या वासाने मांजरे वेडी होतात. कुठून कुठून येतात, पसाऱ्यात लोळतात, मुळीला तोंड घासतात, लाळ गाळतात आणि तान्ह्या मुलासारखा आवाज काढतात. वास ओसरला की झाडून उठून आपापल्या घरी जातात. भातसानगरला हे भर दुपारी सगळ्या वसाहतीसमोर होत असे, आणि लोक खुर्च्या टाकून बघत. बारकूभाऊंची बायको येसूबाई म्हणायची, "गो जने, तुझ्या मांजरांचं लगीन कदी हाय? आमाला बोलव." इतकीच ती गोष्ट. हसण्यासारखी.

उंबरवाडीतही पहिली दहा वर्षे ती हसण्याचीच गोष्ट होती. नवसूला वडील गेल्यावर झोप येईना, तेव्हा त्याने याच तगरीची पूड महिनाभर घेतली. माझ्या हातची. माझ्या ओटीवर बसून त्याने मांजरांना काठीने हुसकावले आहे. "बाय, तुझी तगर मानसाला निजवते नि मांजराला नाचवते," असे तोच बोलला होता. हे वाक्य वाचताना बारकूभाऊंनी जरा थांबावे आणि नवसूच्या तोंडाकडे पाहावे.

आणि समीक्षा. नवसूची मुलगी. तिच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगणारी आते मी. पारूला, म्हणजे माझ्या भावजयीला, "सुरेखा" ठेवायचे होते. मी भातसानगरला एका मॅडमच्या मुलीचे नाव ऐकले होते, ते ठेवले. मी वाडीत राहायला आले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तेव्हापासून ती जेवायला आईकडे आणि निजायला माझ्याकडे. पाटीवरचा ग मी तिला गिरवून दिला. तगर वाळत घातली की राखणीला तीच बसायची, हातात निरगुडीचा फोक घेऊन. एकेका मांजराला तिने नाव दिले होते. एका लठ्ठ बोक्याला ती "मामलेदार" म्हणायची. तो आला की "आते, सायेब आला गो, खुर्ची दे!" असे ओरडायची.

कलम ४. माझी अवजारे, म्हणजे लोखंडी खलबत्ता, उखळ-मुसळ, तीन चाळण्या, वस्त्रगाळ करायची धोतरे, तराजू आणि बाजारात बसायची ताडपत्री, ही सर्व गंगी ठाकरीण हिला द्यावीत. धंदाही तिचाच. तिला पूड, उटणे, तेल सगळे येते. कल्याणच्या दुकानदाराला तिला दोनदा नेऊन दाखवले आहे. पोस्टातले जे काही उरेल तेही तिला. वाडीने माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा ती डोंगरावरून रोज उतरून माझ्या दारात आली. तिला लोकांनी विचारले, "तुला भ्या नाय वाटत?" ती म्हणाली, "वाटतं ना. तिचा मुसळ लय जड हाय."

कलम ५. लडकू भगत, राहणार याच वाडीत, यास माझे जुने सूप द्यावे.

याचे कारण असे. २००० सालानंतर माळशेजला पावसाळ्यात मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या आणि रस्त्याकडेच्या जागेला अचानक डोळे फुटले. नवसू माझ्याकडे आला. "बाय, तुला एकलीला येवढी जागा काय करायचीय? मी धाबा टाकतो. तू मागच्या पडवीत रहा. दोन टाइमचा जेवान तुला बसल्या जागी." मी नाही म्हणाले. तो पुन्हा आला, पारूला घेऊन आला, मुंबईच्या एका शेटला घेऊन आला. मी प्रत्येकाला चहा दिला आणि नाही म्हणाले. मागच्या पडवीत मी माझ्याच भावाची मोलकरीण होणार, हे कळायला सातवी पास असण्याचीही गरज नव्हती.

२००२ च्या शिमग्याच्या सुमारास नवसूची दुभती म्हैस मेली. त्याच पंधरवड्यात त्याचा मुलगा साईनाथ तापाने पडला. म्हशीने काय खाल्ले ते कोणी पाहिले नाही. साईनाथला हिवताप होता, मुरबाडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो उतरला. पण त्याआधी पारूने लडकूला बोलावून तांदूळ पाहायला सांगितले होते. लडकूने सुपात तांदूळ टाकले, बोटाने सारले, घुमला आणि म्हणाला, "दार उगवतीला हाय. बाय एकली हाय, तिची ओटी रिकामी हाय. मांजरां तिची चाकरी करतान. मानसाच्या पोरावानी रडून तिला निरोप देतान." नाव घेतले नाही. घ्यायची गरज काय होती? माझ्या अंगणात त्याच आठवड्यात नवे पोते वाळत होते आणि दहा-बारा मांजरे त्यात लोळून रडत होती. सगळ्या वाडीने माना वळवून पाहिले.

लडकूवर माझा फार राग नाही. तो तेच करून खातो. सूप त्याच्या कामाचे आहे. पुढच्या वेळी तांदूळ टाकण्याआधी चार तगरीच्या मुळ्या त्यात टाकून ते उन्हात ठेवावे. मांजरे त्याचीही चाकरी करतील.

कलम ६. पार्वती ऊर्फ पारू नवसू हरड हिला केसांच्या तेलाची भरलेली बाटली द्यावी, कपाटात खालच्या फळीवर जी असेल ती. त्या शिमग्यानंतर मी विहिरीवर गेले की बायका कळशा अर्ध्या ठेवून बाजूला होत. त्यांत पहिली पारू. माझी सावली पडलेले पाणी तिने पायरीवर ओतून टाकलेले मी पाहिले आहे. पण तेलावाचून तिचे केस गळायला लागले, तेव्हा तिने बाजारात माझा माल विकणाऱ्या गंगीकडून तेल घ्यायला सुरुवात केली, आणि सात वर्षे घेते आहे. गंगीने ताडपत्रीवर बसून विकले की ते तेल गंगीचे होते, असा तिचा समज नाही. ती तेल हुंगून घेते. वाडीतल्या निम्म्या बायका दिवाळीचे उटणे अशाच घेतात. भुताळीच्या हातचे उटणे लावून यांचे नवरे नरकचतुर्दशीला न्हातात आणि अजून एकही मेलेला नाही. पारू, ही बाटली फुकट आहे. सगळ्यांसमोर हात पुढे करून घे.

कलम ७. नवसू गोविंद हरड, माझा धाकटा भाऊ, यास माझ्या कोणत्याही स्थावर वा जंगम मालमत्तेतील काडीचाही हिस्सा देऊ नये. त्याने हक्क सांगितल्यास तो नामंजूर समजावा.

नवसू, तुला एवढेच विचारायचे आहे, आणि हे मी तोंडाने कधी विचारले नाही कारण तू सात वर्षांत माझ्यासमोर उभा राहिला नाहीस. लडकूला ठाऊक नव्हते. पारूलाही एक वेळ खरेच वाटले असेल, तिचा पोर तापला होता. पण तुला ठाऊक होते. तू त्या मांजरांना स्वतःच्या हाताने हुसकावले होतेस. लडकू बोलला तेव्हा सगळे तुझ्याकडे पाहत होते, आणि तू हसून म्हणाला असतास, "अरे, ती तगरीला येतान," तर तिथल्या तिथे सगळे घरी गेले असते. तू खाली बघत बसलास. गंगी कुडाबाहेर उभी होती, तिने पाहिले. तू घाबरला होतास असेही म्हणता येत नाही. दुसऱ्याच दिवशी तू मुंबईच्या शेटला फोन केलास.

मी पोलीस ठाण्यावर गेले. जमादाराने विचारले, कोणी मारले का, घर जाळले का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला की भावाबहिणींनी घरातच मिटवावे. मारले असते तर बरे झाले असते, निदान कागद झाला असता. इथे फक्त लोक बाजूला होत गेले.

आणि समीक्षाला त्या दिवसापासून माझ्याकडे यायची बंदी झाली. तेरा वर्षांची होती. शाळेत जाताना माझ्या दारावरूनच जावे लागे. पहिले काही दिवस ती हळूच हात हलवायची. मग रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली. मग मैत्रिणींच्या मध्ये.

गेल्या वर्षी वैशाखात तिचे लग्न झाले. आटगावचा मुलगा, ओमकार, ठाण्याला कारखान्यात जातो. आतेचा मान काय असतो ते मी लिहीत नाही, वाडीला माहीत आहे. लग्नाच्या सकाळी नवसू माझ्या कुंपणापाशी आला, आत आला नाही. "बाय, वरात जाईल तवा दार लावून घे. पोरीच्या सासरची मानसां हायेत. उगा बोलनां नको." सात वर्षांत तो माझ्याशी बोलला ते एवढेच, तेही कुंपणाकडे बघत. मी दार लावून घेतले. फळीच्या फटीतून पाहिले. हिरवा चुडा, मुंडावळ्या, जीपमध्ये पुढे बसली होती आणि समोर बघत होती. नवरीने समोरच बघायचे असते. माझ्या दारासमोर वाजंत्री जोराने वाजवली, भुताळीच्या घरावरून जाताना वाजवतात तशी. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

कलम ८. घराचे. कलम २ मध्ये लिहिलेले घर व अंगण मी माझी भाची कु. समीक्षा नवसू हरड, आताची सौ. समीक्षा ओमकार पष्टे, हिला देत आहे. मात्र एका अटीवर. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा तिने वाडीसमोर उभे राहून एक वाक्य बोलावे: "ती मांजरां तगरीला येत व्हती, मला माहीत व्हता." दुसरे काही नको. रडू नये, माफी मागू नये. हे वाक्य ती बोलली की बारकूभाऊंनी किल्ली तिच्या हातात द्यावी. बोलली नाही, तर घर ग्रामपंचायतीस अंगणवाडीसाठी जाईल.

अशी अट का घातली? या गणपतीत ती माहेरी आली होती. नवसूच्या ओसरीवर अंगणवाडी भरते. तिथल्या सेविका मेघाताई दुसऱ्या गावच्या आहेत आणि माझ्याकडे उघडपणे चहा पितात. समीक्षाने त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "मेघाताई, मला लग्न झाल्यापासून झोपच नाय लागत. तगरीची पूड मिलंल का कुठं? पण आतेच्या हातची नको. आय ओरडंल." मेघाताईंनी मला ते जसेच्या तसे सांगितले, कारण त्यांना वाटले मला बरे वाटेल, मुलीला माझी आठवण आहे म्हणून.

मला बरे वाटले नाही. नवसूने गप्प बसावे, पारूने पाणी ओतावे, त्याचे मी काय ते समजून घेतले आहे. पण समीक्षा, तुला मांजरांची नावे माहीत होती. तू आता वीस वर्षांची आहेस. आईच्या ओरडण्याची भीती मला कळते, पण सात वर्षांत एकदा तरी, कोणा एकाला तरी, तू सांगितलेस का? मला ते कळलेच असते. वाडी लहान आहे.

कलम ९. माझा अंत्यविधी. मला न्हाऊ घालायला वाडीतली बाई येणार नाही. गंगी आणि येसूबाईंनी घालावे. उटणे लावायचे झाल्यास तगर नसलेले लावावे. नाहीतर प्रेताजवळ मांजरे येऊन लोळायची आणि मी मेल्यावर यांची खात्री पटायची. अग्नी बारकूभाऊंनी द्यावा. ते बौद्ध आहेत, त्यांना असल्या विधीत गोडी नाही, हे मला माहीत आहे. मी विचारले आहे. ते म्हणाले, "वहिनी, दरवाजा उचलायचा का बंद करायचा, येवढंच सांगा. करतो." दहावा, तेरावा काही करू नये. नवसू मडके धरायला पुढे आल्यास त्याला अडवू नये, पण आधी कलम ७ वाचून दाखवावे.

कलम १०. वरील कलम ८ मी आज रद्द करत आहे. ते खोडले नाही, कारण मला काय वाटले होते ते वाचले जावे.

कलम ९ पर्यंत लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. परवा मुळी कुटता कुटता गंगीला कलम ८ सांगितले. मला वाटले ती म्हणेल, बरी अद्दल घडवलीस. तिने मुसळ थांबवले आणि म्हणाली, "आते, मंग तर नवसूच पोरीला शिकवून उभी करंल. घर मिलतंय म्हनल्यावर तो सोताबी बोलंल. शंभर डाव बोलंल."

खरेच होते. ज्या जागेसाठी तो सात वर्षे गप्प बसला, त्याच जागेसाठी तो पोरीला बोलायला लावील. ती उभी राहील, एक वाक्य म्हणेल, किल्ली घेईल, आणि पुढच्या पावसाळ्यात माझ्या अंगणात धाबा उभा राहील. ते वाक्य मी पैसे मोजून विकत घेतल्यासारखे झाले असते. मी ज्याची वाट पाहते आहे ते तसे मिळणारे नाही.

म्हणून घर व अंगण मी कोणतीही अट न घालता उंबरवाडीच्या अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीस देत आहे. दार उगवतीला आहे, ते तिथेच ठेवावे. ज्या बायका विहिरीवर माझ्यापासून बाजूला झाल्या, त्या रोज सकाळी आपापली पोरे कडेवर घेऊन या दारात येतील, माझ्या ओटीवर त्यांना उतरवतील आणि माझ्या घरात ठेवून शेतावर जातील. त्यांना वाईट वाटावे असा माझा हेतू आहे, हे मी लपवत नाही. पोरांनी मात्र हवे तेवढे खेळावे. भिंतींवर रेघोट्या ओढल्या तर कोणी ओरडू नये.

कलम ११. न्हाणीच्या उत्तरेस असलेली तगर, मुळासकट, समीक्षाला देत आहे. ती काढून नेण्यासाठी तिला अंगणातून ये-जा करण्याचा हक्क राहील. दुसऱ्या कोणी तिला हात लावू नये.

समीक्षा, माझ्या हातची नको म्हणालीस ना. आता तुझ्या हाताने खण. दोन वर्षांची जून मुळीच काढायची, कोवळी ठेवून द्यायची. धुऊन सावलीत वाळव, जाडसर कुट, आणि चिमूटभर पूड कोमट दुधातून निजण्याआधी घे. पोटात मूल असेल तर घेऊ नकोस, तेव्हा नुसते दूध पी. मांजरे येतील. सासरची माणसे विचारतील, ही का आली? त्यांना काय सांगायचे ते तू ठरव.

घर तुझे होणार नाही. तू ते वाक्य बोललीस तरी नाही, न बोललीस तरी नाही. तुझ्या बापाला आता तुला शिकवून उभी करण्यात काही फायदा उरलेला नाही. तेव्हा कधी बोललीसच, तर ते तुझे स्वतःचे बोलणे असेल, आणि खरे असेल. ते ऐकायला मी नसेन. बाकी सगळे मी सोसले, पण हे मला आत्ता, लिहितानाही, सोसत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो मला कबूल आहे म्हणून खाली सही केली. ती माझ्या ओटीवर बसून, दार उघडे ठेवून, खालील दोघींच्या डोळ्यांदेखत केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघींपैकी कोणासही या मृत्युपत्राने काही मिळत नाही. वाडीतल्या पाच जणांना साक्षीला बोलावले होते. कोणी आले नाही, म्हणून येसूबाई भातसानगरहून दोन एसट्या बदलून आल्या.

सही: जनाबाई चिंतामण विशे

साक्षीदार:
१. येसूबाई बारकू गायकवाड, भातसानगर, तालुका शहापूर. (सही. साक्षरता वर्गात शिकलेली सही आहे, अक्षर मोठे आहे, अंगठा समजू नये.)
२. मेघा सतीश वाघचौरे, अंगणवाडी सेविका. (सही)

स्थळ: उंबरवाडी, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २००९